दिवे लागले तरी उठू नका

सुपरहिरोचा सिनेमा संपला हे ओळखणं पूर्वी सोपं होतं. खलनायक मेला, पडद्यावर नावं आली, माणसं उठली. आता नावं येतात तेव्हा फक्त पूर्वार्ध संपलेला असतो. आधी मुख्य मंडळींची नक्षीदार, रंगीत नावं. मग सिनेमाचाच एक छोटा तुकडा. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची ती अखंड यादी, जिच्यात व्हिज्युअल इफेक्ट्सची एक कंपनी संपली की दुसरी सुरू होते आणि प्रत्येकीत गावभर माणसं असतात. त्यानंतर, झाडूवाला दारात ताटकळत उभा असताना, दुसरा तुकडा.

ज्यांना निसर्गाची हाक आली आहे त्यांच्यासाठी सांगतो: पहिल्या तुकड्यात सहसा पुढच्या सिनेमाची चिठ्ठी असते, दुसऱ्यात सहसा थट्टा. पहिला बघून पळालात तर फारसं बिघडत नाही. पण हा नियमही भरवशाचा नाही. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या दुसऱ्या भागात असे पाच तुकडे होते. २०१९च्या ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये एकही नव्हता, शेवटी नुसता हातोडीचा ठणठणाट ऐकू आला, आणि तोवर १८१ मिनिटं अवघडून बसलेली माणसं त्या ठणठणाटाचा अर्थ लावत जिना उतरली. ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ने तर कहर केला. सगळी यादी संपल्यावर कॅप्टन अमेरिका येतो आणि संयमावर प्रवचन देतो: कधीकधी संयमाचं फळ मिळतं, कधीकधी काहीच मिळत नाही आणि आपण एवढा वेळ का थांबलो असा प्रश्न पडतो. इतक्या उघडपणे प्रेक्षकाच्या तोंडावर हसणारा आणि तरीही टाळ्या घेणारा दुसरा धंदा मला ठाऊक नाही.

लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आला असं सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ‘एंडगेम’ हा मार्व्हल कंपनीच्या एकमेकांत गुंफलेल्या मालिकेतला बाविसावा सिनेमा होता. एकवीस सिनेमे बघून झालेली माणसं बाविसाव्याला रांगा लावून गेली आणि त्याने जवळजवळ २८० कोटी डॉलर जमवले. म्हणजे संख्येचं अजीर्ण नव्हतं. झालं ते उधारीमुळे. हे सगळं दुकान पहिल्यापासून उधारीवर चालतं. फक्त २०१९पर्यंत उधारी वेळेवर फिटत होती. २००८ साली ‘आयर्न मॅन’च्या शेवटी निक फ्युरी अंधारातून पुढे येऊन टोळी जमवण्याची भाषा करतो, २०१२च्या ‘द ॲव्हेंजर्स’मध्ये टोळी जमते. त्या ‘ॲव्हेंजर्स’च्याच शेवटी थॅनोस नावाचा खलनायक मान वळवून हसतो. २०१८ला तो खरोखर येतो आणि चुटकीसरशी अर्धी जीवसृष्टी पुसून टाकतो. सहा वर्षं लागली, पण मुद्दल व्याजासकट परत मिळालं.

त्यानंतर मात्र नुसती नोंद होत गेली, वसुली नाही. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत मार्व्हलचे सात सिनेमे, आठ मालिका आणि दोन विशेष कार्यक्रम आले. पहिले सहा सिनेमे करायला याच मंडळींनी चार वर्षं घेतली होती. या गर्दीत प्रत्येकाने शेवटी नवा पाहुणा दाखवला. ‘इटर्नल्स’च्या शेवटी गायक हॅरी स्टाइल्स आला. ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या भागात जांभळ्या पोशाखातली शार्लीझ थेरॉन आली, हवा कापून वाट केली आणि नायकाला घेऊन गेली. ‘थॉर’च्या चौथ्या भागात हर्क्युलिस आला. तिघांसाठीही लोक थांबले, ओरडले, फोनवर शोधाशोध केली. २०२५ संपेपर्यंत तिघांपैकी एकही नंतरच्या कुठल्या सिनेमात फिरकला नव्हता.

‘इटर्नल्स’मध्ये समुद्रातून एक डोंगराएवढा देव अर्धा बाहेर येतो आणि तसाच दगड होऊन राहतो. डोकं आणि हात ढगांत. पुढची तीन वर्षं त्या जगातला एकही सिनेमा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘शी-हल्क’ मालिकेत एका संगणकाच्या पडद्यावर बातमीचा मथळा दिसतो, समुद्रात एवढा मोठा पुतळा का, अशा अर्थाचा. तोही चित्र थांबवून वाचावा लागतो. अखेर २०२५च्या ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये त्याची दखल घेतली गेली, कारण त्यात ॲडमँटियम नावाचा मौल्यवान धातू सापडला. खाण निघाल्याशिवाय देवाकडेही कुणी बघत नाही, एवढाच काय तो त्या विश्वातला वास्तववाद.

याच सिनेमाची पूर्वतयारी कशी करायची ते बघा. त्यातला राष्ट्राध्यक्ष रॉस, त्याची मुलगी आणि त्याच्यावर डूख धरून बसलेला शास्त्रज्ञ स्टर्न्स हे तिघं २००८च्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’मधले. म्हणजे सतरा वर्षांपूर्वीचा सिनेमा काढून बघा. तो बघताना हल्कच्या जागी एडवर्ड नॉर्टन दिसेल. दचकू नका, तेव्हा तोच होता, मार्क रफलो नंतर आला. रॉसच्या जागी विल्यम हर्ट दिसेल. २०२२ साली तो वारला आणि आता रॉस म्हणजे हॅरिसन फोर्ड. बरं, ही नुसती ओळखपरेड. नव्या कॅप्टन अमेरिकाला जुन्याची ढाल कशी मिळाली यासाठी सहा भागांची मालिका आहे, ती वेगळी. आणि डोंगराएवढा देव आलाच, तेव्हा ‘इटर्नल्स’ही आलं.

तरी हा सोपा पेपर. ‘द मार्व्हल्स’ (२०२३) खरा अवघड. तीन नायिका: एक सिनेमातली, दुसरी ‘मिस मार्व्हल’ मालिकेतली, तिसरीला शक्ती मिळाली ‘वांडाव्हिजन’ मालिकेत. २०१९चा ‘कॅप्टन मार्व्हल’ दोन तास, एक मालिका सहा भाग, दुसरी नऊ भाग; सगळं मिळून बारा तासांच्या आसपास. हे कशासाठी? तर १०५ मिनिटांच्या सिनेमासाठी. आधीच्या भागाने शंभर कोटी डॉलरच्या वर मजल मारली होती, हा वीस कोटींच्या जरा पुढे जाऊन थांबला. मालिकेतल्या सिनेमांतला हा नीचांक. गंमत म्हणजे सिनेमा तसा चटपटीत आहे, तिघींच्या जागांची अदलाबदल झकास जमली आहे. पण तयारी न करता आलेल्याला पहिला अर्धा तास लग्नात चुकीच्या मांडवात शिरल्यासारखं वाटतं.

थिएटरात याचा उपद्रव दोन प्रकारे होतो. एक, शेजारच्या खुर्चीतली कुजबुज: “ही कोण?”, “हा मेला होता ना?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीही ठामपणे देऊ नये. व्हिजन एकाच सिनेमात दोनदा मरतो आणि पुढे पांढरा होऊन येतो. गमोरा मरते आणि भूतकाळातली गमोरा तिच्या जागी येते. लोकीची मान थॅनोस मुरगळतो, तरी भूतकाळातून निसटलेल्या लोकीची वेगळी मालिका निघते. मरणाची किंमत अशी उतरल्यावर पडद्यावर कुणी रक्तबंबाळ झाला तरी प्रेक्षक निवांत खात असतो. दुसरा उपद्रव लेखकांचा. विसरलेल्यांना आठवण करून द्यायची म्हणून पात्रं एकमेकांना दोघांनाही माहीत असलेल्या गोष्टी सविस्तर सांगत बसतात. जुन्या कॉमिक्समध्ये यावर साधा उपाय होता: चौकटीच्या तळाशी तारांकित टीप, अमुक अंक पाहा. वाचणारा वाचे, नाही तो पुढे जाई.

कॉमिक्सवाल्यांनी हा सगळा आजार आधीच भोगला आहे, हे विशेष. मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी, तिच्या समांतर विश्वांचा इतका गुंता झाला होता की १९८५-८६ साली बारा अंकांची मालिका काढून त्यांनी सगळी विश्वं मोडीत काढली आणि एकच ठेवलं. नव्या वाचकाला कळेना, म्हणून. त्यानंतर पस्तीस वर्षांनी सिनेमावाल्यांना समांतर विश्वांचा शोध लागला आणि ते खुशीत आले.

डीसीच्या सिनेमांचं तर बोलायलाच नको. ऑक्टोबर २०२२मध्ये ‘ब्लॅक ॲडम’च्या शेवटी हेन्री कॅव्हिलचा सुपरमॅन धुरातून चालत आला, दोन महिनेही झाले नव्हते, तोच कॅव्हिलने आपण परतणार नसल्याचं जाहीर केलं. सोनीच्या ‘मॉर्बियस’ची इंटरनेटवर मनसोक्त टिंगल झाली, आणि त्या प्रसिद्धीनंतर तो पुन्हा हजारभर थिएटरांत लावला गेला. टिंगल करणारे घरीच राहिले.

आता मार्व्हलने वेग कमी केला आहे. २०२४ साली त्यांचा एकच सिनेमा आला. मात्र ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख ठरली आहे, आणि त्यात आयर्न मॅन होऊन मेलेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम नावाचा खलनायक आहे (शेजारच्या खुर्चीला हे आत्ताच समजावून ठेवा). शिवाय जुन्या ‘एक्स-मेन’मधले पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयन मॅकेलन, म्हणजे अभ्यासक्रम थेट २००० सालापासून. ही नावं मार्च २०२५मध्ये जाहीर झाली ती अशी: इंटरनेटवर थेट प्रक्षेपण, समोर पाठीवर नाव छापलेली एक खुर्ची, कॅमेरा सरकतो, थोड्या वेळाने पुढची खुर्ची. एकूण सत्तावीस. पाच तासांहून जास्त वेळ चाललं आणि लाखो लोकांनी बघितलं. खुर्च्यांनंतर काही तुकडा होता का, ते शेवटपर्यंत थांबलेल्यांना विचारा.