आफ्रिकेतल्या तरुण पत्रकाराने देश सोडलाच पाहिजे का?

सध्या एक मजकूर मराठी पत्रकारांत आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांत हातोहात फिरतोय. सांगणं असं, की आफ्रिकेतल्या तरुणाला लेखणीवर जगायचं असेल तर त्याने आधी लंडन किंवा न्यूयॉर्क गाठावं. मायदेशी छापणारे नाहीत, वाचणारे नाहीत आणि पत्रकार पाकिटांवर जगतात. पुरावा म्हणून झांझिबारचे अब्दुलरझाक गुर्ना आणि केनियाचे न्गुगी वा थिओंगो या दोन कादंबरीकारांची नावं दिली आहेत. मला हे सोडून देववत नाही. तिथल्या माणसांनी काय काय उभं केलंय, ते यात पार पुसलं जातं.

आधी ती दोन नावं. गुर्नांना २०२१ चं साहित्याचं नोबेल मिळालं, ते ब्रिटनमध्ये राहतात, हे खरंच. पण १९६४ च्या क्रांतीनंतर झांझिबारमध्ये, म्हणजे आता टांझानियात असलेल्या बेटावर, अरब वंशाच्या लोकांचे हाल सुरू झाले आणि विशीच्या आतला हा मुलगा निर्वासित म्हणून बाहेर पडला. न्गुगींनी गावकऱ्यांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक उभं केलं, म्हणून १९७७ च्या अखेरीस केनिया सरकारने त्यांना तुरुंगात डांबलं. पुढे परदेशी राहणं नशिबी आलं ते त्याच सरकारच्या भीतीने. परागंदा झालेल्या माणसाचं उदाहरण देऊन तरुणांना ‘तुम्हीही निघा’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

छापणारे नाहीत? केनियाच्या बिन्यावांगा वैनैना यांना २००२ मध्ये केन पुरस्कार मिळाला. आफ्रिकी कथेसाठीचा हा पुरस्कार ब्रिटनमधून दिला जातो. त्यानंतर त्यांनी मित्रांसह नैरोबीत ‘क्वानी?’ नावाचं नियतकालिक काढलं. क्वानी म्हणजे आपल्या बोलीत ‘मग काय झालं?’. पहिला अंक २००३ चा. त्यातल्याच कथेसाठी इव्हॉन अधियाम्बो ओवूर यांना त्या वर्षीचा केन पुरस्कार मिळाला. ब्रिटनमधल्या पुरस्कारासाठी निवडलेली ती कथा आधी नैरोबीत छापली गेली होती, हा क्रम लक्षात घ्या. युगांडात ‘फेमराइट’ ही लेखिकांची संस्था गेली जवळपास तीस वर्षं हेच काम करते आहे. २००७ चा केन पुरस्कार मिळवणाऱ्या मोनिका अराक दे न्येको तिथल्याच.

पत्रकारितेचं म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेतलं गुप्ता प्रकरण आपल्याला ठाऊक आहे, कारण ते बंधू सहारनपूरचे. राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांशी असलेल्या जवळिकीतून सरकारी कंत्राटं आणि नेमणुका आपल्याला हव्या तशा वळवल्या, असा या उद्योजक भावांवर आरोप होता. २०१७ मध्ये त्यांचे हजारो ईमेल ‘अमाभुंगाने’, ‘डेली मॅव्हरिक’ आणि ‘न्यूज २४’ या तिथल्याच तीन वृत्तसंस्थांनी मिळून उघड केले. पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष झुमा पायउतार झाले. अमाभुंगाने म्हणजे झुलू भाषेत शेणकिडे. नाव त्यांनी स्वतःच निवडलंय.

ही परंपरा कालची नाही. जोहान्सबर्गच्या, काळ्या वाचकांसाठी निघणाऱ्या ‘ड्रम’ मासिकाचे वार्ताहर हेन्री न्क्सुमालो वर्णभेदाच्या काळात, १९५४ मध्ये मुद्दाम तुरुंगात गेले. पास, म्हणजे काळ्यांना सक्तीचा असलेला परवाना, न बाळगता रात्री रस्त्यावर फिरायचं, की काळ्या माणसाला अटक ठरलेली. पाच दिवस आत काढून बाहेर आल्यावर त्यांनी लिहिलं, की कैद्यांना नागडं करून, उड्या मारायला लावून झडती घेतात. शब्दावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून छायाचित्रकार बॉब गोसानी शेजारच्या परिचारिकांच्या वसतिगृहाच्या गच्चीवर चढले. बहाणा केला मासिकातल्या एका बाईंचे फोटो काढायचा, आणि लांब पल्ल्याच्या भिंगातून तुरुंगाच्या अंगणातली ती झडती टिपली. मासिकाचे मालक आणि संपादक गोरे होते, तेही सांगायला हवं. पण आत जाऊन आलेला माणूस न्क्सुमालो होता. १९५७ उजाडता उजाडता, एका बातमीच्या मागावर असतानाच, त्यांचा खून झाला.

वाचणारे नाहीत, हे म्हणणारा फक्त इंग्रजी वाचकच मोजतो. उत्तर नायजेरियातल्या कानोच्या बाजारात हौसा भाषेतल्या छोट्या पुस्तिका विकल्या जातात. अनेकींच्या लेखिका बायका, वाचकही बहुतेक तरुण मुली. विषय प्रेम, सवत, बळजबरीचं लग्न. त्यातल्या बलराबा रमत याकुबू यांचं स्वतःचं लग्न कोवळ्या वयात लावलं गेलं होतं. टांझानियात ‘म्वानांची’ हे दैनिक स्वाहिलीत निघतं. आणि २०२० च्या एप्रिलपासून ‘द कॉन्टिनेंट’ हे साप्ताहिक व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. फोनच्या पडद्यावर मावेल अशी पानं, शनिवारी, फुकट. त्यात नैरोबीचा, हरारेचा, लागोसचा वार्ताहर लिहितो, आणि पलीकडच्या देशातला वाचक ते वाचून पुढे धाडतो.

राहिलं पाकीट. हा मुद्दा खरा आहे. नायजेरियात त्याला तपकिरी लिफाफा म्हणतात, घानात ‘सोली’, कॅमेरूनमध्ये ‘गोंबो’. पण लिफाफा का घेतला जातो? कित्येक वार्ताहरांना पगारच नसतो. छापून येईल तेवढ्याचेच पैसे, तेही उशिरा. पत्रकार परिषदेला जायचं गाडीभाडं खिशातून. मी तालुक्याला वार्ताहर होतो तेव्हा माझंही मानधन सेंटिमीटरवर होतं. रात्री अंक आला की फूटपट्टी घेऊन आपली बातमी मोजायची, वहीत मांडायची, आणि चेकची वाट बघत दोन-तीन महिने काढायचे. साखर कारखान्याच्या सभेनंतर जेवणाच्या पानाशेजारी ठेवलेलं पाकीट मी परत केलं, त्या रात्री घरी परतायला एसटीचे पैसे मित्राकडून घेतले होते. घानाची राजधानी अक्रा इथल्या एखाद्या पोराने सोली घेतली असं ऐकलं, की मला तीच रात्र आठवते.