कलंक जपण्याचे घरगुती उपाय

मानसिक आजाराचा कलंक ही काही आजची गोष्ट नव्हे. गुलामांच्या, गुन्हेगारांच्या अंगावर जी खूण उमटवत, तिला प्राचीन ग्रीक लोक ‘स्टिग्मा’ म्हणत; कलंकाला इंग्रजीत आजही हाच शब्द आहे. एवढी जुनी पुंजी आपल्या पिढीत बुडवायची का? मुळीच नाही. तेव्हा नीट ऐका.

घरातलं माणूस महिनाभर झोपलं नसेल, तर आधी कारण शोधा. आजाराचं नव्हे, लोकांना सांगायचं. ‘थकवा आहे’ चालेल. ‘पित्त वाढलंय’ त्याहून बरं, कारण पित्तावर कोणी खोलात शिरत नाही, फार तर दोन उपाय सुचवतात.

औषध सुरू झालंच, तर गोळ्या पाकिटातून सोडवून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरा. झाकण उघडताना गोळ्या खुळखुळतात, म्हणून शेजारचा नळ सोडून ठेवा. पाहुणे असले की त्या दिवशीची गोळी राहिली तरी हरकत नाही. पाहुण्यांचा मान आधी.

धीर द्यायला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढं पुरतं. (पाय मोडलेल्याला ‘पायाला लावून घेऊ नकोस’ असं कोणी म्हणत नाही. का, कोण जाणे.)

परदेशाच्या नादी मात्र लागू नका. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला ‘मन दुभंगण्याचा आजार’ असं कसं ठसठशीत नाव होतं! ते ऐकवायला डॉक्टरसुद्धा कचरत. पण रुग्णांच्या घरच्यांनीच तगादा लावला आणि २००२ साली नाव बदललं. मग काय, डॉक्टर रुग्णाला त्याचाच आजार सांगू लागले! बेल्जियममधल्या गेल गावात तर शतकानुशतकं लोक मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेतात, आपल्याच टेबलावर जेवू घालतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तिथे असे साडेतीन हजारांवर लोक राहत होते. वेडा आणि शहाणा ओळखायचा कसा, याची कोणाला फिकीरच नाही.

झिम्बाब्वेतला प्रकार त्याहून वाईट. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ साली हरारेत आज्यांना खचलेल्या माणसांचं ऐकून घ्यायला शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. तिथे ‘डिप्रेशन’ म्हणतच नाहीत. शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वापरतात, म्हणजे फार विचार करणं. आता फार विचार करणाऱ्याला नावं ठेवायची तरी कशी? कलंकाला चिकटायला जागाच नाही.

पण खरा धोका एवढा लांब नसतो. ओळखीचं, कामाला चोख, हसतंखेळतं माणूस पुरे. दुपारी जेवण झाल्यावर ती सहकारी सगळ्यांदेखत पाकीट टेबलावर ठेवते, एक गोळी काढते, ‘डिप्रेशनची आहे, दोन वर्षं झाली,’ म्हणून पाण्याबरोबर घेते आणि लगेच विचारते, ‘ती फाईल कुठंय?’

अशा वेळी ताबडतोब पावसापाण्याचा विषय काढा. नाहीतर तुमचाही हात बॅगेतल्या त्या व्हिटॅमिनच्या बाटलीकडे जाईल, आणि तिथे जवळपास नळही नसेल.