विकत घेतलं म्हणे!

ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या बटणावर 'विकत घ्या' आणि करारात बारीक अक्षरात 'परवाना, तोही दुसऱ्याला न देता येणारा'! स्टीम या गेम-दुकानाचं खातं मृत्युपत्रानेही वारसाला देता येत नाही, हे त्यांच्या सपोर्टने 2024 मध्ये सांगूनच टाकलं. मग घरचे गुपचूप पासवर्ड वापरतात. तेही कुठवर? स्टीम गार्डचा, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीचा, कोड दिसतो गेलेल्याच्या लॉक फोनवर, आणि सिम बंद पडलं की एसेमेसचाही मार्ग संपला. म्हणून फोन नसताना कामी येणारा, इंग्रजी 'आर'पासून सुरू होणारा स्टीम गार्डचा रिकव्हरी कोड आत्ताच कागदावर उतरवा, ईमेलच्या पासवर्डसकट. जीओजी या दुसऱ्या गेम-दुकानाचे ऑफलाइन इन्स्टॉलर (गेम बसवायच्या फाइली) वेगळ्या डिस्कवर ठेवा. त्यांना लॉगिन लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या 2025 पासूनच्या कायद्याने दुकानांना 'हा परवाना आहे' एवढं स्पष्ट लिहायला लावलं. वारसाचं काय? त्यावर चकार शब्द नाही.