कुठे बोट ठेवावं?

बोट विकणारा माणूस गिऱ्हाइकाला सगळं विचारतो. इंजिन किती अश्वशक्तीचं हवं, गाद्यांचा रंग कोणता, मासे धरणार की नुसतंच मिरवणार. ही बोट ठेवणार कुठे, एवढं मात्र विचारत नाही. तो प्रश्न त्याने मोठ्या मनाने आमच्या घरावर सोडलाय. रात्री जेवताना निघतो आणि भांडी घासून होईपर्यंत टिकतो.

मोटरबोटवाल्यांचे दोन पंथ आहेत. ट्रेलरपंथीयांची बोट घरी, चाकांवर. मनात आलं की गाडीच्या मागे जोडायची आणि वाटेल त्या पाण्यावर न्यायची. मरीना म्हणजे भाडं भरून बोट ठेवायचं छोटं बंदर. मरीनापंथीयांची बोट तिथल्या धक्क्याला बांधलेली. आपण नुसतं जायचं, दोर सोडायचे आणि निघायचं. जो बोलत असतो त्याचं पटतं, ही खरी पंचाईत. माझा मेव्हणा कडवा ट्रेलरवाला. शेजारचे काका जन्माचे मरीनावाले. बायको दोन्हींत नाही. 'बोटच नको' हा तिचा तिसरा पंथ, आणि त्यात सध्या ती एकटीच आहे.

मेव्हण्याचा पहिला शब्द 'स्वातंत्र्य'. ते किती किलोचं असतं ते मी कागद घेऊन बघितलं. पत्रकात आमच्या बोटीचं वजन १५०० किलो लिहिलंय. हे कोरडं वजन. म्हणजे यात पेट्रोल नाही, नांगर नाही, बॅटरी नाही आणि खालच्या बारीक अक्षरांप्रमाणे मागे टांगलेलं इंजिनही नाही! इंजिनाचे दोनशेच्या वर धरा. १५० लिटर पेट्रोलचे ११० किलो. ट्रेलरचे स्वतःचे साडेचारशे. नांगर, दोर, लाइफ जॅकेटं आणि 'असू दे बरोबर' म्हणून कोंबलेलं सामान धरून बेरीज अडीच टनांच्या घरात जाते. आमच्या गाडीच्या पुस्तकात ओढायच्या वजनाची मर्यादा याच्या निम्मीसुद्धा नाही. म्हणजे स्वातंत्र्यासाठी आधी नवी गाडी.

"आणि वजन नुसतं ओढून भागत नाही," मेव्हणा म्हणाला. "एकूण भाराचा दहाएक टक्के हिचच्या गोळ्यावर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या गोळ्यावर यायला हवा. मागे जास्त झालं की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि गाडीलाही बरोबर घेतो."

"मग जड सामान पुढे ठेवायचं," बायको म्हणाली. "दादा, तू पुढच्या सीटवर बसत जा."

तिच्या भावाने ते मनावर घेतलं नाही. तो आम्हाला रॅम्प दाखवायला घेऊन गेला.

रॅम्प म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. खालच्या टोकाला भरती-ओहोटीच्या पट्ट्यात हिरवं शेवाळ, आणि वरच्या टोकाला कठड्यावर बसलेले प्रेक्षक. या प्रेक्षकांकडे बोट नसते, मत असतं. एक गृहस्थ गाडी उलटी घेत होते. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. म्हणून जाणते लोक हात चाकाच्या खालच्या बाजूला धरतात, म्हणजे हात जिकडे तिकडे ट्रेलर. गृहस्थांचा हात वर होता. त्यांची पत्नी पाण्याच्या कडेला उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करत होती. "डावीकडे! अहो, डावीकडे! तुमच्या नाही, माझ्या!" ट्रेलर आधी आडवा झाला, मग कात्रीसारखा मिटला. ते पुढे आले, पुन्हा मागे गेले, पुन्हा आडवे. मागे गाड्यांची रांग वाढत होती आणि कठड्यावर मंडळी सरकून एकमेकांना जागा करून देत होती. शेवटी पत्नीने त्यांना खाली उतरवलं, स्वतः चाकावर बसली आणि एका दमात ट्रेलर सरळ पाण्यात नेला. टाळ्या पडल्या. गृहस्थांनी विंचशी, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढायच्या चक्रीशी, काहीतरी अत्यंत महत्त्वाचं काम काढलं.

"मला हे जमेल," बायको म्हणाली. तिच्या पंथाला तडा गेलेला मी पहिल्यांदा तिथे पाहिला.

पण ट्रेलरपंथाची खरी साधना रॅम्पच्या आधीच सुरू होते. बोट ट्रेलरला बांधणारे मागचे पट्टे रॅम्पच्या वर, मोकळ्या जागेतच सोडायचे, पुढचा विंचचा पट्टा आणि साखळी मात्र पाण्याला टेकेपर्यंत सोडायची नाही. उतारावर सोडली तर बोट तुमच्या आधी उतरते, तीही काँक्रीटवर. दिव्यांची वायर काढून ठेवायची. इंजिन वर उचललेलं हवं. आणि बूच. बोटीच्या मागच्या फळीत, अगदी खाली, साठलेलं पाणी सोडायला एक भोक असतं आणि त्याला अंगठ्याएवढं बूच. बोट जमिनीवर असताना ते काढलेलं असतं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. ते परत लावायचं विसरलं की तेच भोक उलटं काम करतं. मेव्हणा आपलं बूच गाडीच्या किल्लीलाच अडकवून फिरतो. लग्नाच्या अंगठीपेक्षा त्याचा जीव त्यात जास्त आहे.

शिवाय बेअरिंग. लांबून आलेल्या ट्रेलरचे हब गरम असतात. ते तसेच गार पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, पुढे गंज चढतो आणि एके दिवशी हमरस्त्यावर चाक धरतं. म्हणून मेव्हणा वाटेत थांबून प्रत्येक हबला हात लावून बघतो, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, इंजिनातूनही पाणी फिरवायचं. पाण्यावर तीन तास मजा करायची तर जमिनीवर दोन तास राबायचं. हे प्रमाण त्याला मान्य आहे. मला अजून नाही.

काकांकडे गेलो. काका धक्क्यावर खुर्ची टाकून बसले होते.

"अरे, संध्याकाळी कामावरून सुटलास, दोन दोर सोडलेस, की सूर्यास्ताला पाण्यावर," ते म्हणाले. आणि त्यांचं खरं आहे. बोट वापरली जाते ती जवळ आणि तयार असेल तरच. ट्रेलरवरची बोट 'पुढच्या रविवारी नक्की' या आश्वासनावर वर्ष काढू शकते.

पण मरीनात भाडं फुटावर. आणि त्यांचा फूट त्यांच्या मापाने. पुढचा नांगर, मागची पोहायची फळी, तिची शिडी, सगळं नाकापासून शेपटापर्यंत मोजतात. आमची कागदावरची २१ फुटी बोट त्यांच्या टेपवर २४ फूट भरते. बोट खारं पाणी लागून वाढते, असं काका म्हणतात.

त्यात पाण्याखालची बिनभाड्याची मंडळी वेगळीच. आधी बुळबुळीत थर, मग बार्नकल. हा प्राणी डोकं बोटीच्या तळाला कायमचं चिकटवतो आणि उरलेलं आयुष्य पायांनी तोंडात अन्न ढकलत काढतो. त्याच्यामुळे बोटीचा वेग पडतो आणि पेट्रोल जास्त जातं. उपाय म्हणजे तांबं असलेला विषारी रंग, जो दर एकदोन वर्षांनी बोट वर काढून लावावा लागतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. तांबं टिकलं, पण त्याच्या संगतीत खालचे लोखंडी खिळे गंजून गेले. पुढे तांबंही झिजतं म्हणून १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायची युक्ती काढली. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण तांबं विरघळायचं थांबलं तसं त्याचं विषही थांबलं आणि शंखशिंपल्यांनी परत बिऱ्हाड मांडलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ जिथे हरला तिथे मी ब्रश घेऊन उभा राहणार.

डेव्हीचे ते तुकडे आजही आहेत. काकांच्या बोटीखाली जस्ताचे आहेत. निम्मे झिजले की काका बदलतात. हल्ली ते फार लवकर झिजतात. मरीनातली वीज घेतली की तिच्या अर्थिंगच्या तारेतून शेजारपाजारच्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, आणि कुणाच्या बोटीचं जस्त संपलेलं असेल तर त्याच्या वाटचंही तुमचंच झिजतं. त्याला अडवणारं उपकरण मिळतं, पण काकांना ते तत्त्वतः मान्य नाही. त्यांच्या मते शेजाऱ्याने जस्त बदलावं. शेजारी गेले कित्येक महिने हसून 'बघतो' म्हणतोय.

आणि पाऊस. मुसळधार पडायला लागला की काकांची झोप संपते. बोटीच्या तळात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा बिल्जपंप चालू असेल ना? चालू असेल तर बॅटरी पुरेल ना? पाणी वाढलं की पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचमध्ये कचरा अडकला नसेल ना? रात्री दोनला काकू दिवा लावतात, तेव्हा काका रेनकोटात असतात.

तिसरा मार्गही निघाला. फडताळ. बोटी एकावर एक मांडून ठेवतात आणि आधी फोन केला की फोर्कलिफ्ट तुमची बोट उचलून पाण्यात सोडतो. तळाला बार्नकल नाही, हातात ट्रेलर नाही.

"म्हणजे बोट भाड्याने घेतलेल्या कपाटात," बायको म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वाईट नाही." पण फोर्कलिफ्टवाला संध्याकाळी घरी जातो आणि नेमक्या चांगल्या हवेच्या रविवारी आपला नंबर बराच मागे लागतो, असं कळलं.

मी ट्रेलरकडे झुकलो होतो. नवी गाडी नाही तर मेव्हण्याची. पण ट्रेलरवर नेण्याजोग्या बोटींची रुंदी बहुधा साडेआठ फुटांवर थांबते, कारण त्यापुढे बऱ्याच देशांत रस्त्यासाठी खास परवाना लागतो. आमची बोट बरोब्बर साडेआठ फूट. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं बायकोने. आमचं फाटक आठ फूट निघालं.

मग मरीनाला फोन लावला. जागा नाही, प्रतीक्षायादी आहे, नाव घालतो म्हणाले. बोटीची लांबी?

मी एकवीस म्हणणार तेवढ्यात बायकोने फोन हातातून घेतला.

"एकवीस फूट," ती म्हणाली. "आणि शिडी आम्ही काढून आणू. ती मोजायची नाही."