एलबीटी, निवेदनं आणि तुमचा आक्षेप

नमस्कार,

मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की व्यापारी संघटनांची निवेदनं म्हणजे सरळसरळ दबाव, त्यातून धोरण पैसेवाल्यांच्या सोयीचं होतं आणि भुर्दंड शहराला बसतो, एलबीटीचं, म्हणजे पालिकेच्या स्थानिक संस्था कराचंच बघा. शहराला भुर्दंड बसला हे मला मान्य आहे. लेखात ते यायला हवं होतं. पैसेवाल्यांची सोय झाली, हे मात्र पटत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये पुण्यात शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतली जाणारी जकात जाऊन एलबीटी आला. जकात नको, ही तर व्यापाऱ्यांचीच जुनी मागणी. मग नव्या कराला एवढा विरोध का? कारण वसुली नाक्यावरून थेट दुकानात आली. आता दुकानदारानेच नोंदणी करायची, शहराबाहेरून आलेल्या मालाचा हिशेब ठेवायचा, आणि तो तपासायला पालिकेचा माणूस कधीही दारात. व्हॅटचे कागद वेगळे होतेच. मी तेव्हा आमच्या पेठेतल्या संघटनेची निवेदनं लिहायचो. स्वतःच गल्ल्यावर बसणारा, स्वतःच पुड्या बांधणारा दुकानदार हे कागद रात्री कधी करणार, हे मंत्रालयात बसून समजत नाही. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं. मोठ्या उद्योगसमूहाला त्यासाठी संघटना लागत नाही, त्यांना भेटीची वेळ एका फोनवर मिळते. शिष्टमंडळाची गरज असते ती या दुकानदाराला.

निकालही तेच सांगतो. १ ऑगस्ट २०१५ पासून माफी मिळाली ती वर्षाला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना. त्यावरचे मोठे कर भरत राहिले.

आता तुमची बाजू. पालिकेच्या तिजोरीत पडलेला खड्डा राज्याच्या अनुदानातून भरायचं ठरलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली. पालिकांना भरपाई देण्याचा कायदा झाला, त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरली गेली. पण स्वतः कर लावून तो वसूल करणं वेगळं आणि राज्याकडून हप्ता येण्याची वाट पाहणं वेगळं. कचरा, पाणी, पालिकेचे दवाखाने, सगळं त्या हप्त्याकडे डोळे लावून बसलं. मी लिहिलेल्या एकाही निवेदनात याबद्दल ओळ नव्हती. ‘पालिकेनं मग पैसा कुठून आणायचा?’ हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही स्वतःला विचारलं नाही. एलबीटीविरोधात दुकानं बंद ठेवली, त्या दिवसांत रोजंदारीवरच्या हमालांचं काय झालं, तेही त्या कागदांत नाही. याची मला खंत आहे.

म्हणून माझा आग्रह निवेदनं थांबवण्याचा नाही, ती उघड करण्याचा आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार पैसे घेऊन सरकारदरबारी बाजू मांडणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. आपल्याकडे तसा कायदाच नाही. नव्या कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्राने २०१४ मध्ये ठरवलं खरं, पण ते धोरण आहे, कायद्याचं बंधन नाही. निवेदनावर आवक क्रमांकाचा शिक्का पडतोच. त्याच क्रमांकाने तो कागद संकेतस्थळावर टाकायला काय हरकत आहे? आमचं २०१३ चं निवेदन तसं उघड्यावर असतं, तर एखाद्या नगरसेवकाने किंवा हमालांच्या संघटनेने त्याला तेव्हाच उत्तर दिलं असतं. तुम्हीसुद्धा.