‘९० दिवस बॉडी शुद्ध करा, पुढचं आयव्हीएफ पास’ या मेसेजला माझं उत्तर

हा मेसेज मला गेल्या दोन महिन्यांत पाच वेळा आलाय. एकदा मावशीकडून, एकदा नणंदेकडून, आणि बाकीच्या तिघींना आमचं काय चाललंय हे माहीत आहे हेच मला तेव्हा कळलं. सगळ्यांनी प्रेमानेच पाठवलाय, त्यांच्यावर राग नाहीये. पण आमच्या आयव्हीएफच्या (लॅबमध्ये गर्भ तयार करून गर्भाशयात सोडायची ट्रीटमेंट) दोन सायकल, म्हणजे दोन प्रयत्न, झाल्या, दोन्ही गेल्या, आता तिसरीची तयारी चाललीय, आणि या काळात जे वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं ते या मेसेजशेजारी ठेवलं तर यातलं निम्मं खरं आहे, आणि त्या खऱ्याचा हात धरूनच बाकीचं घरात शिरतं.

मेसेज थोडक्यात असा: आयव्हीएफ फेल होतं कारण बाईचं शरीर तयार नसतं, टॉक्सिन साठलेले असतात. ९० दिवस शरीर शुद्ध करा, ९० दिवसांत नवीन एग्ज तयार होतात. १० किलो वजन उतरवा, टेन्शन सोडा, सात सप्लिमेंट घ्या, पुढची सायकल पास होतेच. घाई करू नका, वर्ष लागलं तरी चालेल. करून तर बघा, नुकसान काय?

एकेक घेते.

‘शरीर तयार नव्हतं म्हणून फेल गेलं.’ हे पहिलं, कारण हेच सगळ्यात जास्त लागतं. पहिल्या वेळी बीटाचा, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सांगायला फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, नर्स म्हणाली निगेटिव्ह आहे, औषधं बंद करा, आणि मी "बरं, थँक्यू" म्हणून फोन ठेवला. त्या रात्री मी ट्रान्सफरनंतरचे (गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरचे) चौदा दिवस एकेक करून आठवत बसले होते, कुठल्या दिवशी पिशवी उचलली, कुठल्या दिवशी रडले, कुठल्या दिवशी रिक्षात धक्के बसले. असा हिशोब करणाऱ्या बाईला तुम्ही सांगताय की हो, तुझ्याच शरीरात खोट होती.

एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेला गर्भ, न लागण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्यातले क्रोमोझोम (गुणसूत्रं) कमी-जास्त असणं. हे बहुतेक वेळा एग पिकताना, त्याच्या विभाजनात होतं, आणि वयाबरोबर वाढत जातं. पस्तिशीच्या सुमारास साधारण एक तृतीयांश एम्ब्रियोंत हा दोष सापडतो, चाळिशीत निम्म्याहून जास्त. मायक्रोस्कोपखाली छान दिसणारा एम्ब्रियोसुद्धा असा निघू शकतो. त्याचा पिशवी उचलण्याशी काही संबंध नाही. आणि ट्रान्सफरनंतर पडून राहिल्याने रिझल्ट सुधारतो असंही अभ्यासात दिसलेलं नाही, तरी मी दोन्ही वेळा तीन-तीन दिवस पडून होते, कारण सगळे सांगत होते.

‘टॉक्सिन.’ कुठलं टॉक्सिन ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही. शरीर साफ करायचं काम लिव्हर आणि किडनी रोज करतात, कुठल्याही ज्यूसने त्यांचा वेग वाढत नाही. खरी विषारी म्हणावी अशी गोष्ट एकच नाव घेऊन सांगते, सिगारेट. तंबाखूने एग्ज लवकर संपतात, पाळी जायचं वय एक ते चार वर्षं अलीकडे येतं, स्पर्मचं नुकसान होतं ते वेगळंच. घरात कोणी ओढत असेल तर धूर तुमच्याही पोटात जातो. ती आणि दारू बंद करा, हा सल्ला मी मनापासून देईन. पण अर्धपोटी राहून शुद्धी करायला गेलात तर मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय आणि तो पहिलं काय बंद करतो तर ओव्हरीला जाणारे सिग्नल. पाळी लांबते, कधी येतच नाही. शुद्धीच्या नावाने ज्या पावडरी आणि काढे मिळतात त्यातल्या काहींत शिसं सापडलेलं आहे, म्हणजे टॉक्सिन काढायला जाऊन टॉक्सिनच घ्यायचं. काहीही घेत असाल तरी ते तुमच्या डॉक्टरांना डबा दाखवून विचारा.

‘९० दिवसांत नवीन एग्ज.’ हे ते अर्धं खरं. नवीन एग्ज तयार होत नाहीत. मुलगी जन्माला येते तेव्हाच दहा ते वीस लाख एग्ज घेऊन येते, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि पुढे ती कमीच होत जातात. जी एग्ज आहेत त्यातलं एक झोपेतून उठून ओव्ह्युलेशनपर्यंत, म्हणजे ओव्हरीतून बाहेर पडेपर्यंत, पोचायला जवळपास वर्ष जातं, त्यातले शेवटचे साधारण ८५ दिवस फॉलिकल (एगभोवतीची पिशवी) झपाट्याने वाढतं. म्हणून त्या तीन महिन्यांत सिगारेट नसेल, शुगर ताब्यात असेल, थायरॉइड नीट असेल तर एगला बरं वातावरण मिळतं. एवढंच. एगचं वय ९० दिवसांत मागे जात नाही आणि एएमएच (किती एग्ज उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी आलं असेल तर ते वाढवायचा उपाय नाही.

आता जिथे ९० दिवस खरंच लागू पडतात ते या मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही, ते म्हणजे नवरा. अख्ख्या मेसेजमध्ये पुरुष हा शब्द नाही! जोडप्याला मूल न होण्यात जवळजवळ निम्म्या वेळा पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं. स्पर्म रोज नवीन तयार होतात, एक बॅच तयार व्हायला सुमारे ७४ दिवस, वर बाहेर यायच्या वाटेवर दहा-बारा दिवस. म्हणजे आज सिगारेट सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसतो, आणि तीन महिन्यांत खरोखर नवा माल येतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. दुसऱ्या सायकलच्या आधी नवऱ्याचा स्पर्मचा रिपोर्ट दीड वर्षापूर्वीचा होता, तोच फाईलमध्ये धरून चाललो. सायकलच्या पाच-सहा आठवडे आधी त्याला तीन दिवस १०२ ताप होता, घरातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही की हे सांगायला हवं, आणि सॅम्पलच्या दिवशी काउंट खूप खाली आला. ताप आला की पुढचे दोन-तीन महिने काउंटवर परिणाम राहू शकतो, कारण अंडकोषाला शरीरापेक्षा दोन-चार डिग्री थंड लागतं. तेव्हा लॅपटॉप मांडीवर घेणं, खूप गरम पाण्यात बसणं हेही टाळावं. सायकल त्यामुळे गेली असं कोणी सांगू शकत नाही, मीही म्हणत नाही, पण मी तिखट-गोड मोजत बसले होते आणि त्याचा ताप कोणी मोजला नाही.

आणि जिमला जाणाऱ्या नवऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक अक्षरात लिहावीशी वाटते: टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा बॉडी बनवायची स्टेरॉइड्स घेतली तर स्पर्म वाढत नाहीत, बंद होतात. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर आतली फॅक्टरी थांबवतं, आणि ती परत सुरू व्हायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतात. घेत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

‘१० किलो उतरवा.’ जास्त वजन असेल तर गर्भपाताचा, प्रेग्नन्सीत शुगर आणि बीपीचा धोका वाढतो, एग काढताना भूल देणंही अवघड जातं, हे खरंच आहे. पण वजन उतरवलं की ट्रीटमेंट पास, हे तपासून झालंय. नेदरलँड्समध्ये ५७७ बायकांवरचा अभ्यास २०१६ साली आला, अर्ध्या जणींना ट्रीटमेंटच्या आधी सहा महिने आहार-व्यायामाचा प्रोग्रॅम, अर्ध्या जणींची ट्रीटमेंट लगेच. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, निरोगी, नॉर्मल डिलिव्हरीचं बाळ होण्याचं प्रमाण प्रोग्रॅमवाल्यांत वाढलं नाही. प्रोग्रॅमवाल्यांमध्ये आपोआप दिवस राहिलेल्या मात्र जास्त होत्या, तेही सांगायला हवं. स्वीडन आणि शेजारच्या देशांतला २०१७ चा आणि अमेरिकेतला २०२२ चा अभ्यास, दोन्हींत वजन कमी झालं पण बाळं जास्त झाली नाहीत. म्हणून वजनावर काम करा ते बीपीसाठी, शुगरसाठी, नऊ महिने आणि नंतर बाळाला उचलायला ताकद हवी म्हणून करा. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी पाळी रुळावर येऊ शकते. पण काट्यावर अमुक आकडा आला नाही म्हणून स्वतःला नापास ठरवू नका, आणि ज्या आधीच बारीक आहेत त्यांनी तर याच्या नादीच लागू नये.

‘टेन्शन सोडा.’ यावर मी थोडक्यातच बोलते नाहीतर रडायला येईल. २०११ मध्ये १४ अभ्यास आणि ३५८३ बायका एकत्र घेऊन पाहिलं, ट्रीटमेंटच्या आधी किती चिंता, किती उदासी होती त्यावरून त्या सायकलमध्ये दिवस राहणार की नाही हे ठरत नव्हतं. तुम्ही रडलात म्हणून एम्ब्रियो गेला नाही. मन सांभाळा, काउन्सिलरकडे जा, झोप घ्या, कारण हे सगळं सोसणं कठीण आहे आणि मधेच सोडून देण्याचं एक मोठं कारण हा थकवाच असतो.

‘सात सप्लिमेंट.’ सातातलं एक पक्कं, फोलिक अॅसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांतच बंद होते, म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊन आपण आनंदात असतो तोवर ते काम उरकत आलेलं असतं. डायबेटीस असेल, फिटची गोळी चालू असेल, आधीच्या बाळाला असा दोष झाला असेल तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टर ठरवतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह. बाकी ‘फर्टिलिटी’ लिहिलेल्या डब्यांवर पैसे घालवायच्या आधी विचारा. पुरुषांसाठी झिंक आणि फोलिक अॅसिड फार खपतं, त्यावर २३७० जोडप्यांचा अभ्यास २०२० मध्ये आला आणि बाळं वाढलेली दिसली नाहीत. व्हिटॅमिन ए तर जास्त झालं तर गर्भाला घातकच, आणि चार डब्यांत थोडं थोडं मिळून ते कधी जास्त होतं कळत नाही.

‘घाई करू नका, वर्ष लागलं तरी चालेल.’ तीन महिन्यांनी सहसा काही बिघडत नाही. पण वय अडतीस-चाळीस असेल तर एक वर्ष म्हणजे खूप मोठी गोष्ट आहे, आणि त्या वर्षात जे शुद्धीने मिळेल त्यापेक्षा वयाने जाईल ते जास्त. थांबायचंच असेल तर कशासाठी थांबतोय ते माहीत हवं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) नीट करायला, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६.५ च्या खाली आणायला (ते १० च्या वर असेल तर डॉक्टर दिवस राहूच देऊ नका म्हणतात), रुबेलाची लस घेतली असेल तर त्यानंतरचा एक महिना, गर्भाशयात पॉलिप (छोटी गाठ) आहे का बघायला. ट्यूबमध्ये पाणी साठलं असेल, ज्याला हायड्रोसालपिंक्स म्हणतात, तर ट्रान्सफरच्या आधी ती ट्यूब काढल्याने किंवा बंद केल्याने यशाची शक्यता खरंच वाढते, आणि हे कुठल्याही काढ्याने होणार नाही. माझ्या फाईलमध्ये दोन सायकलनंतरही थायरॉइडचा ताजा रिपोर्ट नव्हता, मीच मागून करून घेतला.

‘करून तर बघा, नुकसान काय?’ नुकसान हे की नव्वद दिवस सगळं पाळलेली बाई एकाणव्या दिवशी निगेटिव्ह ऐकते आणि तिला वाटतं मी कुठेतरी चुकले. मावशीला मी फोन करून हे सगळं सांगितलं, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मला वाटलं काहीतरी उपयोगी पाठवतेय गं. मी म्हटलं, उपयोगी करायचं असेल तर पुढच्या वेळी रिपोर्ट यायचा असेल त्या दिवशी माझ्याकडे येऊन बस. ती येणार आहे.

सध्या आमच्या फ्रिजवर एकच कागद आहे. फोलिक अॅसिड विसरले तर खूण करायची, रोज अर्धा तास चालणं, त्याची सिगारेट शून्य, थायरॉइड परत सहा आठवड्यांनी. तापाला आता शंभर दिवस होऊन गेलेत, त्याचं नवीन सॅम्पल शुक्रवारी द्यायचंय.