दोन माणसांत एक कोंबडी कशी वाया घालवावी

घरात खाणारी तोंडं दोन आणि आठवड्यातून एखाद-दोन वेळा चिकन, एवढा साधा मामला. तरीही काही घरं यात कमी खर्चात, दर वेळी निराळं आणि मऊ शिजलेलं खातात. ही गोष्ट वाटते तितकी अटळ नाही. थोडी चिकाटी ठेवली तर तीच कोंबडी महाग पडू शकते, चव कायम एकच राहू शकते आणि निम्मा ऐवज कचऱ्यात जाऊ शकतो. कसं ते सांगतो.

सुरुवात दुकानातून. अख्खी कोंबडी घेऊ नका. तिच्यातून छातीचे दोन तुकडे, दोन मांड्या, दोन तंगड्या, दोन पंख, शिवाय पाठ आणि मान निघते. दोघांच्या घराला हे फारच अडचणीचं, कारण सगळं जोडीजोडीनेच येतं. भांडायलाही वाव नाही. एका रात्री मांड्या-तंगड्यांचा रस्सा, दुसऱ्या दिवशी छाती पातळ कापून तव्यावर, पंख भाजून आणि पाठ-मान उकळून सूप, अशी एकाच पक्ष्यातून निरनिराळी जेवणं निघू लागतात आणि तुमची पुढची खरेदी लांबते. म्हणून सरळ बोनलेस छातीचं पाकीट उचला. किलोमागे सहसा तेच सगळ्यात महाग असतं. हाडं आणि कातडी काढण्याची मजुरी भरायची आणि ती हाडं-कातडी दुकानातच सोडून यायची, यात एक दिलदारपणा आहे. ‘हाडं बांधून देऊ का?’ असं कोणी विचारलंच, तर दुखावल्यासारखं बघा.

पुढे सूप करावंसं वाटलं तर स्टॉकचे क्यूब विकत मिळतात. खारट असतात, पण तुमचेच असतात.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे नळ पूर्ण सोडून कच्चं मांस धुणं. खळखळ आवाज आला पाहिजे. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर ही जंतूमंडळी एरवी कढईत मुकाट्याने मरून गेली असती. धारेच्या शिंतोड्यांबरोबर त्यांना सिंक, ओटा, शेजारी निथळत ठेवलेली कोथिंबीर आणि तुमच्या बाह्या असा सगळा मुलूख बघायला मिळतो. नंतर कोथिंबीर वरून कच्चीच भुरभुरायची आहे, हे विसरू नका.

आता मुख्य मुद्दा. इथे बहुतेकांचं आपोआपच जमतं, पण शास्त्र माहीत असलेलं बरं. मांडीच्या मांसात कोलॅजेन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, बरंच असतं. मंद आचेवर वेळ मिळाला की त्याचं जिलेटिन होतं, मांस मऊ पडतं, रश्शाला अंग येतं. मांडी थोडी जास्त शिजली तरी रागावत नाही. छातीत हा ऐवज फारसा नाही. ती आतून ७४ अंश सेल्सियसला पोचली की खायला तयार. त्यापुढचं प्रत्येक मिनिट तिच्यातलं पाणी पिळून काढण्यात खर्च होतं. तेव्हा छातीला मांडीसारखं वागवा. रस्सा रटरटू लागला की तिचे बारीक तुकडे आत सोडा, झाकण लावा आणि ज्या नातेवाइकाचा फोन लवकर संपत नाही त्याला फोन करा.

मग जेवताना दोरे दातांत अडकले की म्हणायचं, ‘हल्लीच्या कोंबडीत ती चव राहिली नाही.’ या वाक्यात थोडं तथ्यही आहे, म्हणून ते चांगलं खपतं. १९४८ साली अमेरिकेत ‘चिकन ऑफ टुमारो’ नावाची स्पर्धाच घेतली होती, भरल्या छातीचा, जाड मांड्यांचा पक्षी कोण वाढवून दाखवतो याची. तिथून पुढे पैदास त्याच दिशेने होत गेली. आजचा ब्रॉयलर साधारण सहा-सात आठवड्यांत कापायला तयार होतो. जुन्या पाककृतींमधली कोंबडी मात्र अंडी देऊन देऊन थकलेली, अंगणभर धावलेली, वयाने मोठी. तिला शिजायला तास-दीड तास खरोखर लागायचा. पक्षी बदलला, पाककृतीतला तास तसाच राहिला. तो तसाच राहू द्या. परंपरेला हात लावू नये.

स्वयंपाकघरात थर्मामीटर आणू नका. एका छोट्याशा सुईने वर्षानुवर्षांचा अंदाज निकालात निघतो, आणि मग कोंबडीला दोष देता येत नाही.

पाककृती निवडताना वर ‘सहा ते आठ जणांसाठी’ लिहिलेलं आहे ना, एवढं बघून घ्या. दोघांपुरतं प्रमाण करायला गेलात तर डोकं चालवावं लागतं. मांस, मीठ, मसाला कमी होतो, पण तुकड्याची जाडी तीच असल्याने शिजायचा वेळ फारसा कमी होत नाही. पातेलं मात्र तेच मोठं ठेवलं, तर तळाशी पसरलेला तेवढासा रस्सा बघता बघता आटतो आणि बुडाला लागतो. म्हणजे लहान पातेलं काढा, पाणी हिशेबापेक्षा थोडं जास्त धरा, असल्या भानगडी आल्या. त्यापेक्षा आठ जणांचा रस्सा करावा आणि दोघांनी तो चढाई केल्यासारखा संपवावा. पहिल्या रात्री ‘वा!’, दुसऱ्या दिवशी ‘मुरलाय छान’, तिसऱ्या दिवशी शांतता, चौथ्या दिवशी बाहेर जेवण.

उरलेल्याचं रूप अजिबात बदलू नका. काही अतिउत्साही लोक पहिल्या रात्रीच निम्मे तुकडे रश्शाबाहेर काढतात. दुसऱ्या दिवशी ते हाताने सोडवून, कांदा-मिरचीवर परतून पोळीत गुंडाळतात किंवा शिळ्या भातात घालतात आणि जेवताना ‘आज काहीतरी वेगळं’ म्हणतात. कालचंच असतं ते! ही शुद्ध फसवणूक आहे.

रस्सा रात्रभर ओट्यावर निवत ठेवणं हीदेखील जुनी कला. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधली ऊब जंतूंना मानवते, म्हणून दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं असं सांगतात. तुम्ही म्हणा, ‘सकाळी एक उकळी दिली की झालं.’ उकळीने जंतू मरतीलही. काहींनी रात्रीतून सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही, पण ते कळेपर्यंत दुपार झालेली असते.

कच्चं उरलं तर फ्रीजर आहेच. स्वस्तात मिळालं म्हणून मोठं पाकीट आणलं असेल तर ते जसंच्या तसं, एका गठ्ठ्यात आत ढकला. दोघांना एका वेळी लागेल तेवढं वेगवेगळ्या पिशव्यांत भरणं, पिशवी थापून चपटी करणं म्हणजे लवकर गोठेल आणि लवकर सुटेल, वर तारीख आणि ‘मांडी’ की ‘छाती’ ते लिहिणं, हे सगळं कारकुनी काम झालं. गठ्ठ्याचं तसं नाही. तो हातोडीशिवाय फुटत नाही, त्यामुळे सगळाच सोडवावा लागतो, आणि मग आठ जणांच्या रश्शाला आपोआप निमित्त मिळतं. सोडवायचा तोही ओट्यावर, दुपारभर. बाहेरून कोमट, आतून दगड. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं कोणाच्या लक्षात राहतं?

चिठ्ठी नसल्याचा एक फायदा असा की दोघांमधला संवाद टिकतो.

‘हे काय आहे?’

‘चिकन असेल.’

‘कधीचं?’

‘तूच ठेवलं होतंस ना?’

‘मी? मी तर मटार ठेवले होते.’

आता वैविध्य. खरं वैविध्य पाकिटात असतं हे मनावर घ्या. दर नव्या पाककृतीला एक नवी बाटली आणि दोन नवे मसाले आणा, त्यातले चमचाभर वापरा आणि बाकीचे मुदत संपेपर्यंत कपाटात सांभाळा. मीठ, लसूण, मिरची, लिंबू, तेल एवढ्याच सामानात भाजलेलं, परतलेलं, वाफवलेलं आणि शिजवलेलं चिकन अगदी निरनिराळं लागतं, ही अफवा पसरू देऊ नका. तिची खातरजमा करायला गेलात तर फरक कुठून येतो ते कळेल. मांसाचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर गेला की तो तांबूस-तपकिरी होतो आणि तो खमंग वास येतो. ओलं मांस तिथवर पोचत नाही, पाणी असेपर्यंत ते शंभराच्या आसपासच रेंगाळतं.

म्हणून तुकडे पुसू नका. मीठ आधी लावून ठेवू नका, नाहीतर ते रात्रीतून आतपर्यंत जाईल. कढई पुरती तापू देऊ नका आणि दोघांचं सगळं चिकन एकदमच ओता, खांद्याला खांदा लावून. पहिले काही क्षण चर्र आवाज येईल, तेवढ्यावर हुरळू नका. लगेच आवाज बसतो. तुकड्यांच्या बाजूने पांढुरकं पाणी सुटू लागतं, त्यावर फेस येतो, तेल त्या पाण्यावर गोल गोल थेंबांनी तरंगतं आणि मांसाचा रंग गुलाबीचा राखाडी होतो. उलथन्याने हलवलं की सगळा ढीग एकत्र सरकतो. हाच तो रंग. आता यात कुठलीही बाटली ओता, पदार्थाचं नाव काहीही ठेवा, चव ओळखीचीच लागेल. तेच चिकन दोन खेपांत, मध्ये जागा ठेवून, न हलवता टाकलं असतं तर चार-पाच मिनिटं जास्त गेली असती. तेवढी कोणाला सवड?

शेवटचं, घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल. एकानेच रांधायचं आणि दुसऱ्याने ‘मागच्या वेळचं जास्त छान होतं’ म्हणायचं, ही विभागणी कायम ठेवा. दुसऱ्याला कांदा चिरायला, पिशव्या भरायला, तारीख लिहायला बसवलंत की त्याला एकूण खर्चाचा अंदाज येऊ लागतो आणि तो पुढच्या वेळी अख्खी कोंबडी घेऊन येतो. तसं झालंच, तर त्या रात्री तातडीने बाहेरून मागवा. ‘दोघांना मध्यम पुरेल,’ असं पलीकडून सांगतील. तुम्ही मोठंच सांगा.